शिट्टी नसलेलं मैदान

आमच्या शाळेच्या व्हरांड्यात एक मोठा माठ असायचा. खाली विटांचं कडं, कड्यात वाळू, माठावर लाकडी झाकण आणि झाकणावर उपडा घातलेला जर्मनचा पेला. खो-खोच्या सरावात मी ज्या जागेवर बसायची तिथून तो माठ समोर दिसायचा. उन्हाळी शिबिर सकाळी सातला सुरू व्हायचं आणि साडेदहापर्यंत चालायचं. नऊ वाजले की मैदानावरचा मुरूम पायाला चटके द्यायला लागायचा. माठ पाझरून खालची वाळू ओली व्हायची आणि त्या ओल्या वाळूत चिमण्या चोची खुपसून बसायच्या. मी त्या चिमण्यांकडे बघत खो मिळायची वाट बघायची.

सराव संपेपर्यंत पाणी प्यायचं नाही, असा पीटीच्या सरांचा नियम होता. पळताना पाणी प्यायलं की पोटात गोळा येतो, दम तुटतो, सवय बिघडते, असं ते सांगायचे. गळ्यात लाल दोरीची शिट्टी असायची. ती एकदा वाजली की बसायचं, दोनदा वाजली की उठायचं, लांब वाजली की मैदानाला पाच फेऱ्या. एका मे महिन्यात माझ्याच वर्गातली एक मुलगी खांबाला वळसा घालता घालता घेरी येऊन पडली. सरांनी स्वतः तिला उचलून व्हरांड्यात आणलं, हजेरीपटानं वारा घातला, पेला तिच्या ओठाला लावला. त्यांचा हात थरथरत होता, हे मी पाहिलं आहे. दुसऱ्या दिवशी नियम तोच होता.

सर दुष्ट नव्हते. त्यांना त्यांच्या सरांनी तेच शिकवलं होतं. मुलांना कणखर करायचं म्हणजे आधी त्यांचं काहीतरी काढून घ्यायचं, ही समजूत माझ्या तालुक्यापुरती नव्हती, हे मला फार उशिरा कळलं, आणि कळलं तेही ज्याच्याशी माझा काडीचा संबंध नव्हता अशा एका खेळामुळे.

अमेरिकेत, मिनेसोटा राज्यात येऊन चारेक वर्षं झाली असतील. आमच्या शेजारी एक पन्नाशीतले गृहस्थ राहत. बर्फ पडला की स्वतःचं अंगण साफ करून झाल्यावर न सांगता आमच्याकडचंही करून टाकणारे. २००८च्या ऑक्टोबरमध्ये एका शनिवारी त्यांनी आम्हाला त्यांच्या कॉलेजची अमेरिकन फुटबॉलची मॅच बघायला नेलं. मिनिआपोलिसहून वायव्येला साधारण सव्वाशे किलोमीटर गेलं की कॉलेजव्हिल नावाचं ठिकाण लागतं. गाव म्हणावं असं तिथं काही नाही. तळी, मेपलची आणि पाईनची राखलेली झाडी, आणि मधोमध बेनेडिक्टाइन या कॅथलिक पंथाच्या साधूंचा मठ. जर्मन बोलणाऱ्या वसाहतकऱ्यांसाठी हे साधू १८५६ साली इकडे आले आणि पाठोपाठ त्यांनी शाळा काढली, तिचंच पुढे सेंट जॉन्स युनिव्हर्सिटी झालं. नाव युनिव्हर्सिटी, पण विद्यार्थी दीड-दोन हजारांच्या घरात, तेही सगळे मुलगे. मुलींचं जोड-कॉलेज थोड्या अंतरावर आहे. मठाचं चर्च मार्सेल ब्रॉयर या वास्तुविशारदानं बांधलेलं, समोर घंटा अडकवलेली काँक्रीटची उभी प्रचंड भिंत. ती बघूनच मी गाडीतून उतरल्यावर क्षणभर थांबले होते.

स्टेडियम झाडीतल्या एका नैसर्गिक खोलगट जागेत आहे. वर पाईन, खाली हिरवं मैदान. मी खाली पाहिलं तर लाल कपड्यांतल्या मुलांची एवढी गर्दी की मला वाटलं चार-पाच संघ एकदम आलेत. शेजारी म्हणाले, हा एकच संघ. इथं कुणालाच संघातून काढत नाहीत. ज्याला खेळायचंय तो आला, नाव नोंदवलं, झालं. घरच्या मैदानावर मॅच असली की सगळेच्या सगळे, दीडशेच्या वर पोरं, पूर्ण वेशात बाजूला उभी राहतात. ते स्वतः सत्तरच्या दशकात तिथं चार वर्षं होते. चार वर्षांत मैदानावर किती वेळा उतरलात, असं माझ्या मुलानं विचारलं. त्यांनी बोटांवर मोजून सांगितलं, अकरा डाव. आणि ते अकराही डाव त्यांना पाठ होते. कोणत्या कॉलेजविरुद्ध, किती यार्डांवर, आपल्यासमोर कोण होता, सगळं.

मग त्यांनी मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या, टोपी घातलेल्या एका म्हाताऱ्या माणसाकडे बोट दाखवलं. म्हणाले, ते जॉन.

मी विचारलं, आडनाव काय? मग कळलं, जॉन गालियार्डी. वय ८१, त्या वेळी छप्पन्नावा हंगाम. आणि जॉनच का म्हणायचं, तर त्यांना 'कोच' म्हटलेलं चालत नाही म्हणून. अठरा वर्षांचं पोरगं पहिल्या दिवशी आलं की त्याला पहिली गोष्ट हीच सांगितली जाते.

ज्यांना अमेरिकन फुटबॉल ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. दोन्हीकडे अकरा-अकरा जण, मैदान शंभर यार्डांचं. चेंडू ज्यांच्याकडे आहे त्यांना चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं असतं. सरकले की पुन्हा चार प्रयत्न, नाहीतर चेंडू गेला. प्रत्येक प्रयत्न, म्हणजे एक डाव, चार-सहा सेकंदांचा. टीव्हीवर दिसतो तो चेंडू घेऊन धावणारा एकटा, पण तो धावू शकतो कारण बाकीच्यांनी समोरच्या एकेकाला अडवून धरलेलं असतं. कुणाला, कोणत्या बाजूनं, किती वेळ अडवायचं हे आधी ठरलेलं असतं. एकाचं पाऊल चुकलं की सगळा डाव कोसळतो. चेंडूवाल्याला अंगावर झेप घेऊन खाली पाडायचं याला टॅकल म्हणतात. हा खेळ धडकेचा आहे, त्यामुळे सरावही धडकेचाच हवा, असं जवळजवळ सगळ्या प्रशिक्षकांनी धरून ठेवलेलं होतं.

१९५४ साली टेक्सासमध्ये बेअर ब्रायंट नावाच्या प्रशिक्षकानं आपल्या कॉलेजचा संघ जंक्शन नावाच्या गावी शिबिराला नेला. दुष्काळाचं वर्ष, रखरखीत ऊन, दहा दिवस सराव आणि सरावात पाणी बंद. पोरं रात्री बॅगा उचलून पळून गेली. निम्म्याहून अधिक संघ गळाला. हे शिबिर अमेरिकेत पुढे दंतकथा झालं. तगले ते मर्द, अशा थाटात ते सांगितलं जाई. ब्रायंट पुढे देशातल्या सर्वांत नावाजलेल्या प्रशिक्षकांपैकी एक झाले. ही गोष्ट मी पहिल्यांदा ऐकली तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर माठाखालची ओली वाळू आली.

जॉनची गोष्ट त्याच्या अकरा वर्षं आधी सुरू होते. दक्षिण कोलोरॅडोत ट्रिनिडाड नावाचं कोळशाच्या खाणींचं गाव आहे. तिथल्या एका इटालियन कुटुंबातला हा मुलगा, जन्म १ नोव्हेंबर १९२६. वडील इटलीहून आलेले, खाणीत राबलेले. १९४३ साली महायुद्धामुळे गावातल्या कॅथलिक शाळेच्या फुटबॉल प्रशिक्षकाला सैन्यात बोलावणं आलं. शाळा म्हणाली, आता प्रशिक्षक नाही, संघ बंद. सोळा वर्षांचा जॉन संघाचा कप्तान होता. त्यानं शाळेला गळ घातली की आम्हाला खेळू द्या, संघाचं मी बघतो. आणि खेळता खेळताच तो प्रशिक्षक झाला.

पहिल्या आठवड्यात त्यानं जे केलं तेच पुढची सत्तर वर्षं केलं, असं मला वाटतं. आधीच्या प्रशिक्षकाच्या हाताखाली त्यानं स्वतः काय काय सोसलं होतं ते त्याला ताजं आठवत होतं. सरावात पाणी नाही. आधी तासभर कवायत, तीच ती, अंग मोडेपर्यंत. मग एकमेकांवर आदळआपट, त्यात आपलीच चांगली पोरं जायबंदी. त्यानं कवायत बंद केली. धडका बंद केल्या. पाणी प्यायला सांगितलं. संघ जिंकू लागला.

ते त्याला कुठल्या शिबिरात किंवा पुस्तकात मिळालं नव्हतं. काल तहान लागली होती तो तोच, आणि आज पाणी द्यायचं की नाही हे ठरवणाराही तोच. जगातल्या बहुतेक प्रशिक्षकांच्या बाबतीत या दोन गोष्टींत दहा-पंधरा वर्षांचं अंतर पडतं, आणि त्या अंतरात तहान विसरली जाते. विसरली गेली नाही तरी तिला संस्कार, शिस्त अशी भारदस्त नावं मिळतात. आमच्या सरांचं तेच झालं असणार. जॉनला ते अंतरच मिळालं नाही. तो एका रात्रीत पोरांचा प्रशिक्षक झाला, पण त्यासाठी त्याला पोरांमधून उठून पलीकडे जावं लागलं नाही. मला त्यांच्या आयुष्यातली ही सर्वांत मोठी गोष्ट वाटते. बाकीचे विक्रम तिच्यामागून आले.

शाळा संपली तरी तो शिकवत राहिला. स्वतःचं शिक्षण कोलोरॅडो स्प्रिंग्जच्या कोलोरॅडो कॉलेजात आणि सोबत शाळांचे संघ, अशी सहा वर्षं गेली. पदवी मिळाली १९४९ला आणि लगेच मोंटाना राज्यात हेलेना गावच्या कॅरोल कॉलेजात नोकरी. तेही छोटं कॅथलिक कॉलेज. तिथं चार हंगामांत २४ विजय, ६ पराभव, एक बरोबरी. मग १९५३ साली, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, कॉलेजव्हिल. त्यांच्या आधी तिथं जॉनी 'ब्लड' मॅकनॅली हे व्यावसायिक फुटबॉलमधलं बडं नाव होतं. या जागी कुणालाही जिंकता यायचं नाही, असं त्यांनी जाता जाता नव्या माणसाला सांगितल्याचं म्हणतात. पहिल्याच वर्षी संघानं मिनेसोटातल्या कॉलेजांचं विजेतेपद पटकावलं. पुढे साठ वर्षं जॉन तिथून हलले नाहीत. सुरुवातीला कॉलेजचा आइस हॉकीचा संघही त्यांच्याचकडे होता.

आता सरावाचं सांगते. २०१० साली माझा मुलगा चौदाचा झाला आणि मला फुटबॉल खेळायचंय म्हणून हटून बसला. मी साफ नाही म्हटलं. डोक्याला मार बसून मेंदूवर वर्षानुवर्षं होणाऱ्या परिणामांच्या बातम्या तेव्हा रोज येत होत्या. शिवाय आमच्याच राज्यात, मँकाटोला, मिनेसोटा व्हायकिंग्ज या व्यावसायिक संघाच्या सरावात कोरी स्ट्रिंगर नावाचा सत्तावीस वर्षांचा धिप्पाड खेळाडू उन्हानं कोसळला आणि १ ऑगस्ट २००१ला गेला, ती गोष्ट इथं कुणी विसरलेलं नव्हतं. ज्याच्या अंगावर पैलवानाला लाजवेल असं मांस, ज्याच्या दिमतीला डॉक्टर, त्याची ही गत, तर माझ्या पोराचं काय! शेजाऱ्यांनी आमचा वाद ऐकला असावा. ते म्हणाले, नाही म्हणायचं तर म्हणा, पण आधी एक सराव बघून या. सप्टेंबरमधल्या एका दुपारी मी, मुलगा आणि ते, तिघं पुन्हा कॉलेजव्हिलला गेलो.

पहिली गोष्ट जाणवली ती शांतता. शिट्टी नाही. दीडशे पोरं मैदानावर आहेत आणि एकही शिट्टी वाजत नाही, हे माझ्या कानांना इतकं अनोळखी होतं की मी ती वाजायची वाटच बघत राहिले. पोरं अर्ध्या चड्ड्यांत आणि साध्या बनियनवजा शर्टांत. एकमेकांना आडवं पाडणं नाही. ढकलायच्या लोखंडी घसरगाड्या, ज्या इथल्या प्रत्येक शाळेच्या मैदानावर गंजत पडलेल्या असतात, त्या नाहीत. सुरुवातीच्या व्यायामाला सगळे गवतावर उताणे पडले. मला वाटलं आता पोटाचे व्यायाम होणार. तर प्रत्येकानं मान वळवून शेजारच्याला काहीतरी सांगितलं, दोघंही हसले, आणि उठले. मी शेजाऱ्यांकडे पाहिलं. ते म्हणाले, हाच व्यायाम. उताणं पडायचं, आभाळाकडे बघायचं आणि बाजूच्या माणसाला सांगायचं की आज दिवस किती छान आहे.

एवढं ऐकून कुणाला वाटेल, ही सगळी मौज आहे. पुढचा तास मी जे पाहिलं ते मौजेचं नव्हतं. एक डाव लावला जायचा, अकरा जण आपापल्या जागी, चेंडू सुटायचा, चार सेकंद, थांबले. कुणाचं तरी पाऊल अर्ध्या हातानं चुकलेलं असायचं. पुन्हा. आता तो बरोबर, दुसऱ्याचा खांदा उशिरा वळला. पुन्हा. एका डावाला मी नऊ वेळा मोजलं आणि मग मोजणं सोडलं. ओरडणं नाही, फेऱ्या नाहीत, शिक्षा नाही, पण चुकीला माफीही नाही. चूक दुरुस्त होईपर्यंत ती तिथंच, सगळ्यांच्या देखत, निमूट पडून राहायची. आमच्याकडे गाण्याच्या क्लासमध्ये एकच पलटा बाई शंभर वेळा घोटून घेतात ना, अगदी तसं. गळ्याला इजा होईल असं गुरू कधी गाऊन घेत नाहीत, पण सूर लागल्याशिवाय सोडतही नाहीत.

आणि दीड तासात सराव खलास. त्यापुढे कधीच नाही. डास फार असले तर त्याआधीच. मिनेसोटातले डास ज्यानं अनुभवलेत त्याला यातला शहाणपणा कळेल.

जॉनचे असे 'नाही' शंभराच्या वर होते, आणि ते इथं नावाजलेले आहेत. जिममध्ये वजनं उचलायची सक्ती नाही. जाडजूड डावपेचांची वही पाठ करायची नाही. नव्या पोरांची रॅगिंग नाही. सामन्याआधी रक्त उसळवणारी भाषणं नाहीत. कप्तान निवडायचा नाही, शेवटच्या वर्षातली सगळी पोरं आळीपाळीनं कप्तान. अमेरिकेत कॉलेजांच्या खेळाच्या श्रेणी असतात, त्यात हे कॉलेज तिसऱ्या श्रेणीतलं, त्यामुळे खेळासाठी शिष्यवृत्तीही नाही. जो येतो तो फी भरून शिकायला येतो आणि शिकता शिकता खेळतो. मैदानावर कोणता डाव लावायचा हे ठरवायची मोकळीक ते क्वार्टरबॅकला, म्हणजे चेंडू हाताळणाऱ्या मुख्य खेळाडूला, देत असत. बाकीचे प्रशिक्षक कडेला उभं राहून एकेक हुकूम सोडतात, तिथं हे. या सगळ्याच्या बदल्यात नियम एकच होता, आपल्याशी दुसऱ्यानं जसं वागावं असं वाटतं तसं आपण त्याच्याशी वागायचं.

त्या साधूंच्या पंथाचा दीड हजार वर्षांचा जुना नियम सांगतो की दाराशी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला ख्रिस्तच आला असं समजून आत घ्या. अतिथी देवो भव ऐकत वाढलेल्या मला ते वेगळं वाटलं नाही. कुणालाच संघातून न काढणारा प्रशिक्षक त्या अंगणात साठ वर्षं नांदला, यात मला आश्चर्य वाटत नाही. दुसऱ्या एखाद्या कॉलेजनं दहा वर्षांत त्यांना हटवलं असतं का? कदाचित. माणूस जागेला घडवतो तशी जागाही माणसाला सांभाळून घेते. साधूंचं वेळेचं मोजमाप वेगळं असतं. याच मठानं बायबलची एक प्रत पिसाच्या लेखणीनं, चर्मपत्रावर, हातानं लिहून घेतली. १९९८ला ते काम सोपवलं आणि २०११ला पुरं झालं. त्यांना घाई नव्हती.

आणि तरीही आकडे सांगायलाच हवेत, कारण मऊपणानं जिंकता येत नाही असं म्हणणाऱ्यांचं तोंड आकड्यांशिवाय बंद होत नाही. सेंट जॉन्सचे चार राष्ट्रीय किताब, १९६३, १९६५, १९७६ आणि २००३. पहिला सॅक्रामेंटोला टेक्सासच्या प्रेअरी व्ह्यू कॉलेजविरुद्ध, ३३-२७. कॉलेज फुटबॉलमध्ये सर्वाधिक विजयांचा विक्रम लुइझियानातल्या ग्रँब्लिंगच्या एडी रॉबिन्सन यांचा होता, ४०८. तेही कृष्णवर्णीय मुलांच्या एका छोट्या कॉलेजात सगळं आयुष्य घालवलेले. ८ नोव्हेंबर २००३ला घरच्या मैदानावर बेथेल कॉलेजविरुद्ध २९-२६ अशी घासून मॅच झाली आणि जॉनचा ४०९वा विजय नोंदला गेला. त्याच वर्षी २० डिसेंबरला व्हर्जिनियातल्या सेलमला अंतिम सामना, समोर माउंट युनियन, सलग ५५ सामने न हरलेला संघ. निकाल २४-६. जॉन ७७ वर्षांचे होते. निवृत्त झाले २०१२च्या नोव्हेंबरमध्ये. एकूण ४८९ विजय, १३८ पराभव, ११ बरोबऱ्या. कोणत्याही श्रेणीतल्या कोणत्याही कॉलेज प्रशिक्षकाच्या नावावर इतके विजय नाहीत.

काही लोक म्हणतात, तिसऱ्या श्रेणीतले विजय ते, त्यांचं काय एवढं. मला हा आक्षेप पटत नाही. समोरचे संघही त्याच श्रेणीतले होते, त्यांच्याकडेही शिष्यवृत्त्या नव्हत्या, आणि त्यांच्याकडे शिट्ट्या होत्या. एक गोष्ट मात्र खरी. शेवटची काही वर्षं संघ पूर्वीसारखा जिंकत नव्हता, आणि इथल्या माजी विद्यार्थ्यांत कुजबुज होती. शेजाऱ्यांशी मी त्यावर बोलले तेव्हा ते पहिल्यांदाच जरा चिडले. म्हणाले, मी चार वर्षांत अकरा डाव खेळलो, तरी मला जॉननं कधी रिकामा माणूस समजलं नाही. आता ते दहातले पाच हरले म्हणून मी त्यांना काय समजू?

देश त्यांच्यामागून सावकाश आला. आयव्ही लीग या नामवंत विद्यापीठांच्या गटातल्या डार्टमथ कॉलेजचे प्रशिक्षक बडी टीव्हेन्स यांनी २०१०ला सरावातलं टॅकलिंग बंद केलं. २०१६ला आयव्ही लीगच्या सगळ्याच प्रशिक्षकांनी हंगामातल्या सरावात ते बंद करायचं ठरवलं, तेव्हा वर्तमानपत्रांत मोठी बातमी झाली. क्रांतिकारक निर्णय, वगैरे. ती बातमी मी सकाळच्या चहाबरोबर वाचली आणि कात्रण काढून शेजाऱ्यांच्या पत्रपेटीत टाकलं. ट्रिनिडाडच्या त्या सोळा वर्षांच्या मुलाला जे दिसलं होतं ते दिसायला मोठमोठ्या विद्यापीठांना सत्तर वर्षं आणि कितीतरी मेंदू लागले, याचा मला अजूनही राग येतो.

माझा मुलगा फुटबॉल खेळला नाही. त्या दुपारनंतर मी होकार द्यायला तयार झाले होते, पण मग चौकशी केली. आमच्या भागातल्या एका शाळेच्या सरावाला दोन दिवस जाऊन बसले. तिथं सगळं तेच होतं, शिट्टी, घसरगाड्या, उन्हात फेऱ्या. मी मुलाला म्हटलं, बाळा, खेळ वाईट नाही, पण मला तो जॉनसारख्या कुणाच्या हातात हवाय. तो महिनाभर माझ्याशी धड बोलला नाही. पुढे तो धावू लागला, लांब पल्ल्याचं. मी बरोबर केलं का, हे मला आजही सांगता येत नाही.

एका गोष्टीशी मी मात्र बरीच झगडले, ती म्हणजे नावानं हाक मारणं. आम्ही सरांना सर म्हटलं, बाईंना बाई, आणि आजही रस्त्यात भेटले तर हात आपोआप पायाकडे जातो. ऐंशीच्या घरातल्या माणसाला अठराच्या पोरानं 'जॉन' म्हणावं, हे सुरुवातीला मला खटकलंच. त्या दुपारी सराव संपल्यावर पोरं पांगत होती. एक भला दांडगा मुलगा लंगडत कडेला आला आणि म्हणाला, जॉन, गुडघा. एवढंच. त्या दोन शब्दांत तक्रार नव्हती आणि भीतीही नव्हती. टोपीवाले वाकले, गुडघ्याकडे पाहिलं, काहीतरी विचारलं. मला एकदम आठवलं की आठवीत माझा घोटा मुरगळला होता आणि मी तीन दिवस सरांना सांगितलं नव्हतं. सांगायला तोंडच उघडेना. आदर तर होताच माझ्या मनात, भरपूर होता. पण तो आदर माझ्या आणि सरांच्या मध्ये उभा होता.

७ ऑक्टोबर २०१८ला जॉन गेले. वय ९१. शेजाऱ्यांनी फोन करून सांगितलं आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, अकरावा डाव तुम्हाला सांगितलाय का मी? सांगितला होता, दोनदा. मी म्हटलं, नाही, सांगा ना.

आमच्या इथल्या मराठी मंडळाची उन्हाळी सहल जुलैत असते. तळ्याकाठच्या बागेत. गेली काही वर्षं मुलांचा खो-खो माझ्याकडे असतो. गवतावर चुन्यानं रेघा मारायच्या, टोकांना दोन बांबू रोवायचे. इथं जन्मलेली पोरं, कुणाला खो म्हणायचं की गो म्हणायचं ते धड ठाऊक नसतं, पण दहा मिनिटांत असा काही रंग चढतो की पालक जेवायचं सोडून बघायला येतात. मंडळानं मला शिट्टी आणून दिली होती, ती मी पहिल्याच वर्षी परत केली. सगळी पोरं खेळतात, चार वर्षांच्यापासून पंधरापर्यंत. मोठ्यांनी लहानांना पकडायचं नाही असा अलिखित करार त्यांनी आपापसात केलाय, मी सांगितलेला नाही.

पाण्याचा मोठा नळवाला डबा मी बांबूच्या अगदी शेजारी ठेवते, मैदानाच्या आत. मागच्या वर्षी एक आठ-नऊ वर्षांची मुलगी जीव घेऊन पळत होती, पाठीवर घाम, मागे पकडणारा मुलगा. बांबूपाशी आली, थांबली, हात वर करून त्याला म्हणाली, एक मिनिट हं, मावशीनं सांगितलंय. पेला भरला, घटाघटा प्यायली, अर्धा त्याला दिला. त्यानंही प्यायला. मग तिनं पेला डब्यावर उपडा घातला आणि दोघं पुन्हा पळत सुटले.